अंतराचं इंजेक्शन, मावशीचं ऑपरेशन आणि मोबाईलवरची ती रील

पत्र: "डॉक्टर ताई, नमस्कार. नाव-गाव छापू नका प्लीज. मी ३६ वर्षांची, दोन मुलं, धाकटा पाच वर्षांचा. त्याच्यानंतर आशाताईंनी सांगितलं म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रातून दर तीन महिन्यांनी दिवस राहू नयेत म्हणून अंतराचं इंजेक्शन घेते, चार वर्षं पूर्ण झाली. मागच्या वर्षी माझ्या सख्ख्या मावशीच्या डोक्यातली गाठ काढली, मेनिंजिओमा म्हणाले, कॅन्सर नाही म्हणाले. आता एक रील फिरतेय की हे इंजेक्शन घेणाऱ्या बायकांना ब्रेन ट्यूमर पाचपट जास्त होतो. मला कॉलेजपासून अर्धशिशी आहे, महिन्यातून दोन-तीनदा डोकं धरतं, मळमळतं, उजेड नको वाटतो. रील बघितल्यापासून झोप नाही. मिस्टर म्हणतात एमआरआय करून टाक. सासूबाई म्हणतात हॉर्मोन घेणाऱ्या बायकांचं असंच होतं. नणंदेच्या मुलीला, १९ वर्षांची आहे, पीसीओडीसाठी गोळ्या चालू आहेत, त्यात पण हॉर्मोन आहे म्हणे, नणंद माझं ऐकून त्या बंद करायला निघालीय. माझं पुढचं इंजेक्शन पंधरा दिवसांवर आलंय. घेऊ का नको?"

अगं, आधी पंधरा दिवसांचं सांगते मग बाकीचं, कारण तू झोपेशिवाय आहेस. माझं मत विचारशील तर पुढचं इंजेक्शन घेऊ नकोस, पण त्याच्या जागी दुसरं काहीतरी ठरवूनच ते सोड. आणि हे काही उद्या सकाळी धावत जाऊन करायचं काम नाही, इंजेक्शनची तारीख उलटली तरी वर चार आठवड्यांपर्यंत त्याचा असर धरला जातो, म्हणजे तुझ्या हातात जवळजवळ दीड महिना आहे, तेवढ्यात शांतपणे सगळं होतं. तुझ्या डोक्यात गाठ आहे म्हणून मी हे सांगत नाहीये, तशी शक्यता फारच कमी आहे. तुला चार वर्षं झालीत, तू तिशी ओलांडल्यावर सुरू केलंयस, आणि याहून सुरक्षित साधनं त्याच आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, एवढ्याच हिशोबाने सांगतेय.

आता ती रील. रील खोटी नाहीये, आणि हे मी मुद्दाम पहिल्यांदा सांगते कारण बरेच डॉक्टर "काही नाही हो, मोबाईलवरचं कशाला बघता" म्हणून उडवून लावतात आणि मग बाई घरी जाऊन आणखी दहा रील बघते. त्या पाचपटीमागे खरा अभ्यास आहे. फक्त पाचपट म्हणजे कशाच्या पाचपट हे त्या रीलमध्ये कोणी सांगत नाही, आणि सगळी झोप तिथेच उडते.

आधी मेनिंजिओमा म्हणजे काय ते बघू, मावशीमुळे नाव तुला माहीत आहेच. मेंदूवर पातळ आवरणं असतात, ही गाठ त्या आवरणातून वाढते, खुद्द मेंदूतून नाही. हे नाव हार्वी कुशिंग नावाच्या अमेरिकन सर्जनने १९२२ साली दिलं. बहुतेक गाठी अगदी सावकाश वाढतात, दहातल्या साधारण आठ साध्या प्रकारच्या असतात, शरीरात दुसरीकडे पसरत नाहीत. पण साधी म्हणजे निरुपद्रवी असं नाही, कवटीच्या आत जागाच नसते, त्यामुळे डोळ्याच्या नसेपाशी असली तर नजर जाते, हातापायाच्या भागावर दाबली तर फिट येते. मावशीने काय सोसलं असेल ते तू बघितलंयस.

आणि हा आजार बायकांना पुरुषांच्या दुप्पट होतो. लहान मुलांमध्ये हा फरक दिसत नाही, पाळी सुरू असण्याच्या वयात तो सगळ्यात ठळक असतो. मेंदूची दुसरी एक वाईट गाठ असते ग्लिओमा म्हणून, ती उलट पुरुषांना जास्त होते. म्हणजे "हॉर्मोनमुळे ब्रेन ट्यूमर" असं सरसकट वाक्यच चुकीचं आहे, कुठला ट्यूमर आणि कुठलं हॉर्मोन हे विचारायला हवं. मेनिंजिओमाच्या बाबतीत मुख्य संशय प्रोजेस्टेरॉन या बायकांच्या शरीरातल्या हॉर्मोनवर आहे. ऑपरेशन करून काढलेल्या या गाठी तपासल्या तर निम्म्याहून कितीतरी जास्त गाठींच्या पेशींवर प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर सापडतात, म्हणजे ते हॉर्मोन रक्तातून आलं की ती पेशी ते ओळखते आणि त्याला प्रतिसाद देते. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन खूप वाढतं, आणि आधीच असलेली छोटी गाठ त्याच काळात वाढून एखादीची नजर अचानक कमी झाल्याच्या केसेस डॉक्टरांनी पूर्वीपासून लिहून ठेवल्यात.

मग फ्रान्समध्ये काय झालं ते ऐक, कारण हे सगळं ज्ञान मुख्यतः तिथल्या बायकांमुळे आलंय. तिथे सायप्रोटेरॉन नावाचं, प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध वर्षानुवर्षं दिलं जायचं, चेहऱ्यावर केस येणं, पिंपल्स, कधी एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं), अशा गोष्टींसाठी, ५० मिलिग्रॅमची गोळी महिन्यातले वीस दिवस. न्यूरोसर्जनांच्या लक्षात यायला लागलं की मेनिंजिओमाच्या काही पेशंट बायका हेच औषध दहा-दहा वर्षं घेतायत, आणि कधीकधी एकीच्याच डोक्यात चार-पाच गाठी. तिथे अख्ख्या देशाच्या आरोग्य विम्याची नोंद एका जागी असते, कोणाला कुठलं औषध किती दिलं आणि कोणाचं कुठलं ऑपरेशन झालं, सगळं जुळवता येतं. जुळवलं तर निघालं की आयुष्यभरात मिळून ६० ग्रॅमच्या वर सायप्रोटेरॉन पोटात गेलेल्या बायकांत ऑपरेशन करावं लागणारा मेनिंजिओमा वीसपटीहून जास्त होता. हा निष्कर्ष २०२१ मध्ये छापून आला, त्याच्या आधीच २०२० मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी जास्त डोसवर बंधनं आणली होती. आणि यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, औषध बंद केल्यावर बऱ्याच जणींच्या गाठी वाढायच्या थांबल्या, काहींच्या तर लहान झाल्या, ऑपरेशन टळलं. बंद केलं की धोका उतरायला लागतो हे तू लक्षात ठेव, तुझ्या कामाचं आहे.

मग त्याच लोकांनी इतर हॉर्मोन तपासले, आणि मार्च २०२४ मध्ये जो अभ्यास आला तो तुझ्या रीलचा बाप. २००९ ते २०१८ या काळात फ्रान्समध्ये मेनिंजिओमाचं ऑपरेशन झालेल्या १८,०६१ बायका, आणि तुलनेला त्याच वयाच्या, त्याच भागातल्या ९०,३०५ बायका. त्यात मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन एक वर्षाहून जास्त घेतलेल्यांत धोका साडेपाचपट निघाला. तुझं अंतरा म्हणजे तेच औषध, १५० मिलिग्रॅमचं. डीएमपीए म्हणतात, डेपो म्हणतात, तेच. आता आतला आकडा बघ, ऑपरेशन झालेल्या १८,०६१ जणींपैकी हे इंजेक्शन घेतलेल्या किती, तर ९. आणि ऑपरेशन न झालेल्या ९०,३०५ पैकी ११. फ्रान्समध्ये हे इंजेक्शन फारसं कोणी वापरतच नाही म्हणून इतक्या कमी. नऊ बायकांवर उभा असलेला आकडा खोटा नसतो पण हलका असतो, पाचच्या जागी दोन निघू शकतो किंवा दहाच्या वरही जाऊ शकतो. अमेरिकेत हे इंजेक्शन खूप वापरतात, तिथल्या २०२५ मधल्या मोठ्या अभ्यासात धोका अडीचपटीच्या आसपास आला, आणि तो मुख्यतः चार वर्षांहून जास्त घेतलेल्यांत आणि ३१ नंतर सुरू केलेल्यांत दिसला. म्हणूनच मी वर तुझ्या चार वर्षांचा आणि तुझ्या वयाचा हिशोब धरला.

आता पाचपट कशाच्या. अमेरिकेतल्या नोंदी बघितल्या तर मेनिंजिओमा वर्षाला एक लाख माणसांमागे साधारण दहा जणांना सापडतो, त्यातले बरेचसे साठी उलटलेले, तिशी-पस्तिशीत तो याहून बराच कमी. तरी आपण दहाच धरू. दहाला साडेपाचने गुणलं तर पंचावन्न. म्हणजे सगळ्यात वाईट आकडा घेतला तरी एक लाख बायकांपैकी ९९,९४५ जणींना त्या वर्षी काहीही होत नाही. हे वाचून थोडा श्वास घे. आणि त्याचबरोबर हेही खरं की ज्या पंचावन्न जणी आहेत त्यांच्यासाठी तो आकडा छोटा नसतो, म्हणून इंजेक्शन देताना हे सांगायला हवं, कार्डावर लिहायला हवं, आणि तीन-चार वर्षांनी "बाई, आता दुसरं काही बघूया का" असं कोणीतरी विचारायला हवं. युरोपात २०२४ पासून या औषधाच्या माहितीपत्रकात मेनिंजिओमाचा इशारा घालायला सांगितलंय. आपल्याकडे हे इंजेक्शन २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात आलं, त्याच्याआधी स्त्री संघटना कितीतरी वर्षं एवढंच मागत होत्या की बाईला पूर्ण माहिती द्या, मग तिला ठरवू द्या. ते मागणं आजही तसंच लागू आहे असं मला मनापासून वाटतं. यात आशाताईंचा दोष नाही बरं का, त्यांना जे शिकवलं ते त्यांनी सांगितलं, आणि तुझी दोन बाळंतपणांनंतरची चार वर्षं या इंजेक्शनने निर्धास्त गेली हेही खरं.

फ्रेंच लोकांनी कोणाला निर्दोष सोडलं तेही सांगते, कारण रीलवाले ते कधीच सांगत नाहीत. साधं प्रोजेस्टेरॉन, जे आपल्याकडे गर्भ टिकायला म्हणून देतात, त्यात धोका दिसला नाही. डायड्रोजेस्टेरॉन, म्हणजे ती डुफास्टॉन, जी आपल्याकडच्या कितीतरी गरोदर बायकांनी घेतलेली असते, त्यातही नाही. हॉर्मोनवाली कॉपर-टीसारखी वस्तू असते, मिरेना वगैरे, त्यातही नाही. माला-एन ही सरकारी गर्भनिरोधक गोळी, तिच्यात लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं, २०२५ च्या पुढच्या अभ्यासात लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या गोळ्यांतही धोका दिसला नाही, एस्ट्रोजेन या बायकांच्या दुसऱ्या हॉर्मोनबरोबर घेतल्या तरी नाही. डेसोजेस्ट्रेल या आणखी एका हॉर्मोनच्या गोळीत पाच वर्षांहून जास्त सलग घेतल्यावर किंचित दिसला आणि सोडल्यावर वर्षभरात गेला. म्हणजे सगळी एकाच कुटुंबातली नावं पण वागणूक वेगळी. म्हणून सासूबाईंचं "हॉर्मोन घेणाऱ्या बायकांचं असंच होतं" हे बरोबर नाही. त्यांच्यावर चिडू नकोस, बहिणीसारखी विहीण ऑपरेशन टेबलवर गेलेली बघून त्यांनाही भीती वाटली असेल आणि भीती अशी कुणावर तरी खापर फोडून बाहेर येते. पण मावशी आजारी पडली ती तिने काही वावगं केलं म्हणून नाही, हे घरात एकदा स्पष्ट बोलून टाक.

मावशीला झाला म्हणजे तुला होणार का, हे तू विचारलं नाहीस पण पत्राच्या ओळींमध्ये ते आहे. मेनिंजिओमा बहुतेक वेळा घराण्यात चालत येत नाही. एनएफ-२ नावाचा एक दुर्मिळ आनुवंशिक आजार असतो त्यात असतो धोका, पण त्यात तरुण वयात दोन्ही कानांच्या नसांवर गाठी, बहिरेपण, असं सगळं दिसतं, तुमच्याकडे तसं काही तू लिहिलेलं नाहीस. लहानपणी डोक्याला रेडिएशन मिळालेलं असणं हे खरं मोठं कारण, इस्रायलमध्ये १९५० च्या सुमाराला डोक्यातल्या नायट्यासाठी मुलांना एक्स-रे देत होते, त्यांच्यात पुढे मोठेपणी या गाठी खूप निघाल्या. ते तुला लागू नाही.

आता तुझी अर्धशिशी, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण माझ्या मते पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच आहे आणि तू ती जाता जाता लिहिलीस. कॉलेजपासून, म्हणजे पंधरा-सोळा वर्षं, अर्धं डोकं, मळमळ, उजेड नको, दरवेळी तसंच, मधले दिवस ठणठणीत. हे मायग्रेनचं चित्र आहे, गाठीचं नाही. गाठीचं डोकं दुखणं सहसा नवीन असतं, आठवड्यागणिक वाढत जातं, पहाटे झोपेतून उठवतं, उलटी होते, खोकलं-वाकलं की कळ जास्त येते. पण मला एक सांग, डोकं धरायच्या आधी तुझ्या डोळ्यांसमोर नागमोडी चमचम, आरशाचा तुकडा हलल्यासारखी रेघ, नजरेत एका बाजूला आंधळा डाग, किंवा ओठाला-हाताला मुंग्या, असं काही वीस-पंचवीस मिनिटं होतं का? त्याला ऑरा म्हणतात. ऑरा असलेल्या बाईने एस्ट्रोजेन असलेली गोळी घेऊ नये, माला-एन सुद्धा नाही, कारण तिच्यात मेंदूच्या पक्षाघाताचा धोका वाढतो. इंजेक्शन सोडलंस की आरोग्य केंद्रात पटकन माला-एनचं पाकीट हातात पडू शकतं, आणि तिथे कोणी ऑराबद्दल विचारेलच याची खात्री नसते, म्हणून तू आपणहून सांग. ऑरा नसेल तरीसुद्धा ३५ वरची मायग्रेनवाली बाई असेल तर मी ही गोळी टाळतेच.

हे एवढं लांबण लावण्याचं कारण असं की बायकांच्या मेंदूला हॉर्मोनमुळे जो धोका आपल्या वॉर्डात खरोखर दिसतो तो गाठीपेक्षा रक्ताच्या गुठळीचा आहे. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी होते, बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत किंवा एस्ट्रोजेनच्या गोळ्यांवर, डोकं असह्य दुखतं, उलट्या होतात, फिट येते, आणि घरचे म्हणतात बाळंतिणीला वारं लागलं, किंवा उपासतापासाने चक्कर आली. वेळेत ओळखलं आणि रक्त पातळ करायची औषधं दिली तर बहुतेक जणी बऱ्या होतात. याच्यावर रील फारशा निघत नाहीत. तुझ्या ओळखीतल्या प्रत्येक नव्या आईला हे सांगितलंस तर तुझ्या या जागरणाचं चीज होईल.

एमआरआय करायचा का? आत्ता तरी नको. मिस्टरांचा हेतू चांगला आहे पण एमआरआयचीही एक बाजू असते. हॉलंडमधल्या रॉटरडॅम शहरात २,००० साध्या, तक्रार नसलेल्या माणसांचे एमआरआय केले होते, २००७ साली छापून आलं, त्यात जवळपास शंभरात एकाला लहानसा मेनिंजिओमा होता आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता. यातल्या बऱ्याच गाठी आयुष्यभर तशाच राहतात. तुझ्यात तशी पाच मिलिमीटरची काही सापडली तर ना ती काढणार कोणी, ना तू ती विसरू शकणार, दर वर्षी स्कॅन, दर वर्षी पैसे, दर वर्षी हीच झोप उडणं. पण खालचं काहीही झालं तर मात्र एक दिवस थांबायचं नाही, आणि मग एमआरआय हवाच: डोकं दुखण्याची तुझी नेहमीची तऱ्हा बदलली आणि रोज वाढतंय, आयुष्यात पहिल्यांदा फिट आली, एका डोळ्याची नजर अंधुक झाली किंवा बाजूचं दिसेनासं झालं, एका हाता-पायातली ताकद कमी वाटतेय, वास येईनासा झाला, एका कानाने ऐकू कमी येतंय, किंवा घरच्यांना तुझा स्वभाव बदलल्यासारखा वाटतोय. डोळ्यांचं असलं तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आतला पडदा तपासून घ्यायला काही हरकत नाही, मेंदूवरचा दाब कधीकधी तिथे आधी दिसतो. तोवर एका वहीत डोकेदुखीची तारीख, किती तास, आधी काय दिसलं, काय घेतलं, हे लिहीत जा. आणि मेडिकलमधून आणलेल्या डोकेदुखीच्या गोळ्या महिन्यात दहा-पंधरा दिवस जात असतील तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं, हेही वहीतून कळतं. मायग्रेनला रोखायची चांगली औषधं आहेत, पंधरा वर्षं सोसत बसायची गरज नव्हती.

मग इंजेक्शनच्या जागी काय. तुला मुलं आणखी नकोत असं पत्रावरून वाटतं. कॉपर-टी मध्ये हॉर्मोनच नसतं, ३८० ए नावाची दहा वर्षं चालते, सरकारीत फुकट बसवतात, पहिले काही महिने पाळी जरा जास्त जाऊ शकते, रक्त आधीच कमी असेल तर ते तपासून मग बसव. छाया नावाची गोळी असते, तीही फुकट, त्यात एस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन नसतं, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा, वार लक्षात ठेवायचा एवढंच. अंतरानंतर पाळी जागेवर यायला काही महिने लागतात, तेवढ्यात "काही होत नाही" असं समजून निष्काळजी राहू नका, दिवस कधी राहतील सांगता येत नाही. आणि मिस्टर एवढी काळजी करतायत, एमआरआयला हजारो रुपये घालायची तयारी आहे, तर त्यांना सांग की बिनटाक्याची नसबंदी पंधरा-वीस मिनिटांची असते, त्याच दिवशी घरी येतात, फक्त पुढचे तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि मग तपासणी करून घ्यायची. हे मी अगदी मनापासून सुचवतेय. तुझ्या शरीराने दोन बाळंतपणं आणि चार वर्षांची इंजेक्शनं झेललीयत, आता पाळी त्यांची आली तर काय बिघडलं.

नणंदेच्या मुलीचं, आणि हे नणंदेला आजच वाचून दाखव. पीसीओडीच्या काही गोळ्यांत तेच सायप्रोटेरॉन असतं ज्याच्याबद्दल वर लिहिलं, नाव वाचून नणंद घाबरेल म्हणून आधीच सांगते. पण त्या गोळीत ते २ मिलिग्रॅम असतं. महिन्याला २१ गोळ्या, म्हणजे वर्षाला साधारण अर्धा ग्रॅम. फ्रान्समधल्या ज्या बायकांना धोका वीसपटीच्या वर गेला त्यांनी ६० ग्रॅमच्या वर घेतलं होतं, या गोळीने तिथे पोचायला तिला शंभराहून जास्त वर्षं लागतील. २ मिलिग्रॅमच्या गोळीने मेनिंजिओमा होतो असं दिसलेलं नाही, फक्त ज्यांना मेनिंजिओमा आहे किंवा होऊन गेलाय त्यांनी ती घेऊ नये असं सावधगिरीने सांगितलंय. तिच्या गोळीतही एस्ट्रोजेन असतंच, त्यामुळे ऑरावालं मायग्रेन, पायात किंवा कुठे गुठळी झाल्याचा इतिहास, हे प्रश्न तिलाही विचारायचे. नसेल तर चालू पाकीट पूर्ण होऊ दे आणि मग तिच्या डॉक्टरांना भेटून विचारा की किती महिने घ्यायचीय, चेहरा नि केस सुधारले की दुसऱ्या साध्या गोळीवर जाता येतं का. अधेमधे बंद करून पाळी पुन्हा तीन-तीन महिने लांबली की त्या पोरीचंच नुकसान.

पीसीओडीवरून आठवलं, पाळी थांबलेल्या मुलींत प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारं हॉर्मोन, तपासतात, आणि ते वाढलेलं आलं की घरात "मेंदूत गाठ" असा शब्द पोचतो. मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीत प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ असते हे खरं, मेनिंजिओमाशी तिचा संबंध नाही, आणि ती बहुतेक वेळा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच आक्रसते, ऑपरेशन लागत नाही. पण प्रोलॅक्टिन वाढायला साधी कारणं खूप असतात. ॲसिडिटीसाठी आपल्याकडे पॅन-डी सारख्या गोळ्या चहाबरोबर बिस्किट खावं तशा खातात, त्यातलं डोमपेरिडोन प्रोलॅक्टिन वाढवतं. रिपोर्ट जास्त आला तर आधी गोळ्या कुठल्या चालू आहेत ते सांगा आणि त्या थांबवून परत तपासा. मूल अंगावर नसताना दूध येत असेल किंवा बाजूचं दिसत नसेल तर मात्र पुढच्या तपासण्या लगेच.

राहिल्या मावशी. त्यांची फाईल घेऊन बस आणि दोन गोष्टी बघ. पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये ग्रेड किती लिहिलीय आणि पुढचा एमआरआय कधी सांगितलाय. ग्रेड एक, म्हणजे साधी, असली तरी काही वर्षं ठरावीक अंतराने स्कॅन लागतोच, बरं वाटतंय म्हणून तो चुकवू नका. मग त्यांना विचार की पाळी जाण्याच्या वयात अंगावरून जास्त जायचं तेव्हा कुठल्या गोळ्या दिल्या होत्या, किती महिने, आणि आता गरम वाफांसाठी वगैरे काही चालू आहे का. त्या गोळ्यांमुळेच झालं असं ठरवायला नाही, पुढचं ठरवायला. यापुढे त्यांना कोणीही, अगदी त्वचेच्या डॉक्टरांनी किंवा हाडांच्या डॉक्टरांनीसुद्धा, हॉर्मोनचं काही लिहून दिलं तर "मला मेनिंजिओमा होऊन गेलाय" हे वाक्य आधी बोलायचं. फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने मोठ्या अक्षरात लिहून ठेव.

आणि तू तुझं अंतराचं कार्ड जपून ठेव, फेकू नकोस, पहिली आणि शेवटची तारीख त्यावर असते. उद्या साठीत कोणी विचारलं की हॉर्मोन कधी घेतलं होतं का, तर "काहीतरी इंजेक्शन होतं" एवढंच सांगायची वेळ येऊ नये. ऑरा आहे की नाही ते मला कळव, त्यावर कॉपर-टी, छाया का आणखी काही ते आपण नक्की करू, तारीख उलटायच्या आत.